लातूरात जुनं घर घेऊन नीट करून विकायचं म्हणायलोत, हिशेब बसतोय का बघा जरा

बार्शीरोडवाला:
नमस्कार मंडळी. मी अन माझा मेहुणा मिळून एक जुनं घर घ्यायलोत, राहायला नाही, नीट करून विकायला. पहिल्यांदाच करायलोत म्हणून इथं विचारायलो.

घर लातूरातच, जुन्या ले-आऊटमधलं. प्लॉट ३० बाय ४०, खाली बांधकाम साधारण ८५० फूट, वर मोकळी गच्ची. बांधकाम ९५-९६ चं, भूकंपानंतरचं म्हणून मजबूत आहे असं ते सांगायलेत. मूळ मालक वारलेत, तीन भाऊ आहेत, एक इथं, एक पुण्याला, एक बेंगळुरूला, तिघांनाही विकायची घाई. ४२ लाख म्हणायलेत. मागच्या गल्लीत असंच घर रंगरंगोटी करून ५५ ला गेलं म्हणे.

आमच्या ओळखीचा मिस्त्री घर बघून गेला, ६ लाखात सगळं होतंय म्हणाला. त्यात रंग, सगळीकडं व्हिट्रिफाईड फरशी, ग्रॅनाईटचा ओटा अन ट्रॉल्या, दोन्ही बाथरूम, वायरिंग, अन समोरून जरा एलिव्हेशन. हॉल अन किचनमधली भिंत काढून ओपन किचन करायचं, आजकाल लोकांना तेच पाहिजे. म्हणजे ४२ अन ६ अठ्ठेचाळीस, ५५ ला विकलं की ७ लाख, दोघात साडेतीन-साडेतीन. काम तीन महिन्यात उरकतंय.

घरात दिसलेलं खरं-खरं सांगतो. खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेल्यात, पुढच्या खोलीत जास्त. खालून हातभर ओल आहे, पोपडे पडलेत. बाथरूमच्या स्लॅबला खालून एका जागी सळई उघडी पडलीय. बोअर आहे पण शेजारचे म्हणाले मार्चनंतर नुसती हवा येती.

रविवारी १ लाख इसार मागायलेत, तोही रोख. द्यावा का?

उगंच_एक:
रविवारी काही देऊ नका. का ते बाकीचे सांगतीलच.

साईटवरचा_सिव्हिल:
भाऊ, मी संभाजीनगरात साईटवर असतो, जुन्या घरांची दुरुस्तीच जास्त करतो, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वाचा पूर्ण.

पहिली गोष्ट, घर लोडबेअरिंग आहे (म्हणजे स्लॅबचं वजन भिंतींवरच) का कॉलम-बीमचं, हे तुम्ही लिहिलंच नाही अन सगळं तिथंच अडतंय. आतल्या बाहेरच्या सगळ्या मुख्य भिंती ९ इंची असतील, छताखाली बीम उतरलेले दिसत नसतील, कोपऱ्यात कॉलम नसेल, तर लोडबेअरिंग समजा. त्या काळातली एक मजली घरं बहुतेक तशीच. मग तुमची ती हॉल-किचनमधली भिंत नुसती भिंत नाही, तिच्यावर स्लॅब बसलेला आहे. काढायचीच असेल तर आधी स्लॅबला टेकू, मग लोखंडी गर्डर नाहीतर आरसीसी बीम, त्या बीमच्या दोन्ही टोकाखाली बेअरिंग, म्हणजे टेकायची जागा, नीट करायचं, अन हे सगळं स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर. मिस्त्रीनं घण मारून एका दिवसात भिंत पाडली तर तुमच्या ५५ लाखाच्या घराचा स्लॅब झोळ देणार. ओपन किचन विसरा, फार तर मधे खिडकीएवढी सर्व्हिंगची जागा करा.

दुसरं, भेगा. तिरप्या, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेल्या, म्हणजे बहुतेक पाया हललाय. आपल्याकडची काळी माती पावसात फुगती अन उन्हाळ्यात आकसती, शेतात मे महिन्यात भेगाळलेली जमीन तुम्ही बघितलीच असेल, तीच माती घराखाली आहे. जुन्या लोकांनी पाया मुरुमापर्यंत नेला असेल तर चिंता नाही, पण पैसे वाचवायला तीन फुटावर थांबवला असेल तर घर दरवर्षी खाली-वर होतंय. एका कोपऱ्यात बाहेरून खड्डा घ्या, पाया कशावर टेकलाय ते डोळ्यानं बघा. दोन बिगारी लावले तर दिवसभराचं काम आहे, पण मालक लोक परवानगी द्यायला कां-कूं करतात, अन कां-कूं केली तर तेही एक उत्तरच आहे.

भेग जुनी मेलेली आहे का जिवंत, हे बघायला तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची, तारीख टाकायची. पट्टी तडकली की भेग चालू. पण ह्याला पावसाळा मधे जावा लागतो, आठ दिवसात कळत नाही. म्हणून तुमच्यासारख्या घाईत घेणाऱ्यानं भेग जिवंतच धरून हिशेब करावा.

पायाचा उपचार दरवेळी महागच असतो असंही नाही. निम्म्या घरात मला कारण बाहेरच सापडतं. बाथरूमचा चेंबर फुटलेला, गच्चीचा पाईप थेट भिंतीच्या बुडाशी सोडलेला, नाहीतर भिंतीला खेटून मोठं झाड, ते उन्हाळ्यात पायाखालचं सगळं पाणी ओढून घेतं. चेंबर बदला, घराभोवती तीन फुटाचा उताराचा कोबा करा, पाणी पायापासून लांब काढा. मग भेगा भरा. लोक उलटं करतात, आधी भेग भरून रंग देतात अन पुढच्या पावसाळ्यात ती त्याच जागी हसायला लागती.

ओलीचं बघा. तुम्ही हे मे महिन्यात लिहिताय. ४२-४३ डिग्रीत भिंतीला हातभर ओल दिसत असेल तर ती पावसाची नाही, जमिनीतून चढलेली आहे किंवा आतून नळ गळतोय. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, क्षार भिंतीत बसतात अन प्लास्टर ढकलत राहतात. वरून पुट्टी मारली तर पाच-सहा महिने झाकतं. प्लास्टर ओलीच्या वर फूटभर खरवडून काढावं लागतं, वीट सुकू द्यावी लागती, मग नवीन. सुकू द्यायचे हे दिवस मिस्त्री कधीच धरत नाही.

सळई उघडी पडलीय ती एका जागी दिसतीय, पण हातोडीनं हळू ठोकत पूर्ण छत फिरा. भरीव जागी टणटण वाजतं, सुटलेल्या जागी पोकळ. पोकळ वाजेल तेवढं खडूनं रंगवा, मग फोटो काढा. सळई नुसती गंजलीय तर साफ करून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरनं भागतं. सळईची जाडी खाल्ली गेली असेल तर तेवढा स्लॅब पाडूनच नवीन.

मिस्त्रीच्या ६ लाखात काय नाही तेही बघा. जुनी फरशी काढून मलबा कोण उचलणार, ट्रॅक्टरच्या खेपा कोणाच्या. जुन्या फरशीवरच नवीन टाकणार असेल तर मजला इंचभर वर येतो, मग सगळे दरवाजे खालून कापा, बाथरूमचे उंबरे उचला. वाळवी लागलेल्या चौकटी. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जुना विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा फुटलेला असेल तर तोही मलबाच. ड्रेनेजची जुनी लाईन. सेप्टिक टाकी असेल तर ती कधी उपसली. जुने लोखंडी जीआय पाईप आतून बुजलेले असतात, नुसते नळ बदलून धार वाढत नाही. वायरिंगला भिंतीत आडव्या झिऱ्या (खाचा) मारू देऊ नका, लोडबेअरिंग भिंत कमजोर होती, उभ्याच मारायच्या.

अंदाज स्वतः काढायला दोन सोप्या गोष्टी. रंगाचं क्षेत्रफळ आतल्या फरशीच्या साधारण तीन ते साडेतीन पट येतं, म्हणजे तुमच्याकडं आतूनच अडीच-तीन हजार फूट, बाहेरचं वेगळं. फरशी ८५० लागत असेल तर कटिंगला १० टक्के जास्त धरा, अन स्कर्टिंग निराळं. मग तीन जणांकडून दर घ्या, मजुरी वेगळी माल वेगळा लिहून घ्या. "सगळं होतंय" हा दर नसतो.

माझा नुस्ता अंदाज, घर न बघता, तुमचे ६ हे ९ च्या खाली राहत नाहीत. अन दिसणाऱ्या कामावर १० टक्के, न दिसणाऱ्यावर, म्हणजे पाया, ड्रेनेज, स्लॅब, ३० टक्के वर ठेवा.

औशाचे_काका:
सिव्हिल साहेबांनी बरोबर लिहिलंय. मी एक भर घालतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक झोपले होते. माणसं मेली ती भूकंपानं कमी अन घरानं जास्त. दगड-मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती अन वर माळवदाच्या मातीचं ओझं. तेव्हापासून ह्या भागातला माणूस घर बघायला आला की आधी विचारतो, कॉलम-बीम आहे का? तुमचं घर भूकंपानंतरचं आहे म्हणून मजबूत, हे काही खरं नाही. नंतर बांधलं तरी पट्टे घातले का नाही ते बघा. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग आरसीसी पट्टा फिरवलेला पाहिजे, नुसत्या खिडकीपुरता तुकडा नाही. जुन्या भूकंपग्रस्त गावात नंतर हेच शिकवलं. प्लास्टर एका जागी उचकटून बघितल्यावर कळतं.

आता नुकसानीची गोष्ट. लोडबेअरिंग घराला गिऱ्हाईक कमी मिळतं, त्यात वर मजला चढवता येत नाही म्हटल्यावर अजून कमी. तुमचं ५५ चं घर कॉलम-बीमचं होतं का ते विचारा आधी.

बार्शीरोडवाला:
सिव्हिल सर, काका, लई धन्यवाद. आज परत जाऊन आलो. भिंती ९ इंचीच आहेत, बीम दिसत नाहीत, म्हणजे लोडबेअरिंगच. ओपन किचन रद्द. ठोकून बघितलं तर बाथरूम अन त्याच्या बाहेरचा पट्टा, दोन्ही पोकळ वाजायलेत. काका, ते ५५ चं घर कॉलमचं निघालं, अन वर एक खोली पण होती. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मोकळ्या प्लॉटचा भाव त्या भागात २८०० ते ३००० रुपये फूट आहे असं दोन-तीन जण म्हणाले.

कागदाचं पण विचारलं. दोन बहिणी पण आहेत म्हणे, लातूरच्या बाहेर दिलेल्या. "त्या सही करतील, त्यांना काही नको" असं थोरला भाऊ म्हणाला.

नांदेडची_वकील:
दादा, इथंच थांबा. "त्या सही करतील" ह्या वाक्यावर कोर्टात किती दावे चालू आहेत ते मोजायला बसलं तर जेवणाची सुट्टी पुरणार नाही.

वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे. अन आई हयात असेल तर तिचाही. हे घर वडिलांचं स्वतःच्या कमाईचं असो का वडिलोपार्जित, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींना बाजूला ठेवून पुढं जाता येत नाही. दोन मार्ग आहेत. बहिणी हक्कसोडपत्र करून देतात, ते नोंदणीकृत पाहिजे, नुसतं बॉण्डवर नोटरी केलेलं चालणार नाही. नाहीतर खरेदीखतावर सगळे वारस, बहिणींसकट, सह्या करतात. मी नेहमी दुसरा मार्ग सांगते, कारण पैसे कोणाला किती गेले ते एकाच कागदावर राहतं अन "आम्हाला फसवून सोडवून घेतलं" हे नंतर कोणी म्हणत नाही. बेंगळुरूच्या भावाचं कुलमुखत्यारपत्र असेल तर तेही नोंदणीकृत आहे का, अन त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलाय का, हे बघा.

बाकी कागद: पीआर कार्ड (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा) किंवा ७/१२ वर वारसनोंद झाली आहे का. ले-आऊट मंजूर अन एनए (बिगरशेती) आहे का गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडलेला. गुंठेवारी असेल तर नियमित केल्याचं प्रमाणपत्र पाहिजे. बांधकाम परवान्यात किती फूट अन जागेवर किती. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या नोंदींचा तपास. वडिलांनी घरावर कर्ज काढलेलं असेल तर बोजा कमी झालाय का. मराठवाड्यात निजाम काळातल्या इनाम जमिनी, मदतमाश, खिदमतमाश, ह्यांचा गोंधळ मोठा आहे, ले-आऊट पडून तीस वर्षं झाली तरी मूळ जमीन वर्ग २ निघते अन मग विक्रीला परवानगी, नजराणा (सरकारला भरायची रक्कम), सगळं मागं लागतं. सर्चमध्ये प्लॉटचा नाही, मूळ सर्वे नंबरचा इतिहास बघायला सांगा वकिलाला.

रोख इसाराचं: घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, दंड घेणाऱ्याला त्या रकमेइतकाच बसू शकतो. चेकनं द्या, एकट्या थोरल्या भावाच्या नावानं देऊ नका.

अन एक, कोणीतरी तुम्हाला सांगेलच की खरेदीखत करूच नका, इसारपावती अन मुखत्यारपत्रावर घ्या, स्टॅम्प वाचवा, थेट पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावानं करून द्या. मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच हे स्पष्ट केलंय. मधल्या काळात एखादा भाऊ वारला किंवा फिरला तर तुमचे दुरुस्तीचे ९ लाख दुसऱ्याच्या घरात गाडलेले असतील.

परभणीचा_गणितवाला:
मी तीन घरं अशी केलीत, परभणीत दोन, जालन्यात एक, म्हणून आकडेच मांडतो. तुम्ही ४२ अधिक ६ बरोबर ४८ केलंय, ह्यात रस्त्यातले पैसेच नाहीत.

खरेदी ४२. मनपा हद्दीत स्टॅम्प ५ टक्के अन स्थानिक १ टक्का, झाले २.५२ लाख. नोंदणी ३० हजार. वकील, सर्च, टायपिंग २० हजार धरा. दलाल १ टक्का, ४२ हजार. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत ४५ लाख ४४ हजार गेले. रेडी रेकनर (सरकारी दर) तुमच्या भावापेक्षा जास्त निघाला तर स्टॅम्प त्याच्यावर बसतो हे पण बघून घ्या.

आता वेळ. तीन महिन्यात काम होत नाही. जूनला पाऊस लागला की गच्चीचं अन बाहेरचं काम अडतं, मग मिस्त्री दुसऱ्या साईटवर पळतो. काम पाच महिने, विकायला चार, नऊ धरा. २५ लाख कर्ज ९ टक्क्यानं काढलं तर नऊ महिन्याचं व्याज १ लाख ६९ हजार. लाईटबिल, घरपट्टी, किरकोळ १५ हजार. झाले ४७.२८.

त्यात मिस्त्रीचे ६ घातले तर ५३.२८. विकताना दलाल परत १ टक्का, ५५ हजार. ५३.८३. म्हणजे सगळं गोड झालं, ५५ च मिळाले, तरी राहिले १ लाख १७ हजार, दोघात ५८-५८ हजार, अन त्याच्यावर टॅक्स. सिव्हिल भाऊंचे ९ धरले तर खिशातून १ लाख ८३ हजार जातात. अन ५५ तर कॉलमच्या घराचा भाव होता.

यूट्यूबवर अमेरिकेचा ७० टक्क्यांचा नियम सांगतात, विक्री किमतीच्या ७० टक्क्यातून दुरुस्ती वजा करा, तेवढ्यालाच घ्या. ५५ चे ७० टक्के ३८.५, वजा ९, साडेएकोणतीस. लातूरात तेवढ्यात कोण देतंय. म्हणून उलट्या बाजूनं चला. विक्री ५३ च धरा. दलाल ५३ हजार, दुरुस्ती ९, न दिसणाऱ्याचे दीड, व्याज-किरकोळ १.८४, तुम्हाला दोघात मिळून ४ लाख तरी सुटावेत. राहिले ३६.१३. ह्यातून कागदाचे ५० हजार अन स्टॅम्प-दलालीचे ७ टक्के काढले की घराची किंमत ३३ लाख ३० हजार येती. एवढाच तुमचा आकडा.

आता गंमत बघा. नुसता प्लॉटच १२०० फूट गुणिले ३००० म्हणजे ३६ लाखाचा आहे. जो माणूस पाडून नवीन बांधायला घेणार आहे तो ३६-३७ आरामात देईल, त्याला भेगा, ओल, पोकळ स्लॅब कशाचंच सोयरसुतक नाही. तुम्ही त्याच्याशी स्पर्धा करायलात अन जास्त पैसे देऊन. जुन्या लोडबेअरिंग घराची खरी किंमत जमिनीत असती, तिथं दुरुस्ती करणाऱ्याला मार्जिन उरत नाही.

उगंच_एक:
मंग पाडूनच बांधा की ४ फ्लॅट!

परभणीचा_गणितवाला:
३० बाय ४० मध्ये पार्किंग, जिना, बाजूचं अंतर सोडून काय उरतंय ते आधी काढा, मंग चार फ्लॅट बोला.

घर_शोधतीय_लातूर:
मी विकत घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते, कारण आम्ही वर्षभर लातूरात घरं बघायलोत. तुम्हा लोकांना वाटतं ट्रॉल्या अन फॉल्स सीलिंग बघून आम्ही भुलतो. अहो मी आत गेले की पहिला प्रश्न, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं अन टाकी केवढी. २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं शहर आहे हे, बोअर मार्चला बंद पडतो म्हटलं की माझे सासरे चप्पल घालतात. तुम्ही एलिव्हेशनला दगड लावण्यापेक्षा जमिनीखाली मोठी टाकी करा, गच्चीचं पाणी बोअरजवळ मुरवायचा खड्डा करा, अन ते दाखवा.

दुसरं, नवा कोरा रंग दिसला की आम्ही खाली वाकून भिंतीला हात लावतो, कपाटामागं बघतो. एका घरात नुसत्या एकाच भिंतीला वॉलपेपर होता, तो का होता हे काही अवघड कोडं नव्हतं. त्यापेक्षा ओलीचं काम करतानाचे फोटो, वॉटरप्रूफिंगची बिलं फाईलीत लावून ठेवा, मला तरी असा विकणारा भेटला असता तर मी भाव कमी करायला फार बसले नसते.

ट्यूशन एरियाच्या जवळ असेल तर वर पोरांना भाड्यानं द्यायला खोल्या काढता येतात का, हे पण लोक विचारतात. लोडबेअरिंगवर ते होणार नाही म्हणजे ते गिऱ्हाईक पण गेलं.

टॅक्स_बघणारा:
थोडक्यात. २४ महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणं टॅक्स. त्यानंतर विकलं तर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (महागाईप्रमाणं खरेदीची किंमत वाढवून धरणं) नाही. सारखं-सारखं करायला लागलात तर धंद्याचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं. दुरुस्तीची पक्की बिलं ठेवा, मिस्त्रीला रोखीनं दिलेलं कोणी मानत नाही. ५० लाख अन वर विक्री असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून भरणार, ते पैसे रिटर्न भरेपर्यंत अडकतात, हिशेबात धरा.

बायकांच्या नावावर घेतलं तर स्टॅम्पमध्ये १ टक्का सवलत आहे, ४२ लाखावर ४२ हजार. आधी अट होती की १५ वर्षं पुरुषाला विकता येत नाही, ती २०२३ मध्ये काढली, म्हणून आता तुमच्या कामाची आहे. पण पैसे नवऱ्याचे असतील तर नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. स्टॅम्प वाचतो, टॅक्स वाचत नाही.

बार्शीरोडवाला:
मेहुण्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो ३८ ला मागून बघू, घासाघीस करत ३६ वर येतील. मला ते पण जास्तच वाटायलंय. ह्याच बजेटात ह्याऐवजी दुसरं काय बघावं?

साईटवरचा_सिव्हिल:
पहिल्यांदाच करताय तर अपार्टमेंटमधला १५-२० वर्षं जुना फ्लॅट बघा, सगळ्यात वरचा मजला सोडून. कॉलम-बीम असतो, पाया अन सेप्टिक टाकी एकट्याच्या गळ्यात नसते, आतल्या भिंती बहुतेक नुसत्या पार्टिशनच्या म्हणून ओपन किचनचा हट्ट पण पुरा होतो, तरी इंजिनिअरला दाखवूनच. खर्च जवळपास मोजता येतो, फरशी, रंग, प्लंबिंग, वायरिंग, संपलं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती तेवढी बघा, ती दुरुस्त करायला वरच्याची मर्जी लागती, अन वरचा माणूस बहुतेक पुण्यात असतो.

नांदेडची_वकील:
फ्लॅट घेतलात तर सोसायटीची थकबाकी नाही असं पत्र, अन पार्किंग कागदावर आहे का तोंडी, एवढं बघा. फ्लॅटवरही वारसांचं तेच लागू आहे.

आणि ह्या घराचा मोह सुटत नसेलच, तर ३३-३४ च्या वर जाऊ नका अन इसारपावतीत एवढं लिहून घ्या: सर्चमध्ये दोष निघाला किंवा बहिणींनी ठरलेल्या तारखेपर्यंत सही केली नाही तर इसार पूर्ण परत, आणि पायाचा खड्डा व स्लॅबची तपासणी करायची परवानगी. थोरला भाऊ ह्याला हो म्हणाला तर मला कागद पाठवा, मी नजर टाकते. नाही म्हणाला तर मेहुण्यांना माझ्याकडून सांगा, ३८ चं नावही काढू नका.

बार्शीरोडवाला:
ताई, पाठवतो. रविवारी मी एकटाच जातो, मेहुण्याला नेत नाही.